कॉम्प्युटर सुरू होत नाही? 'विंडोज मारा' म्हणण्याआधी एवढं बघा



उन्हाळी सुट्टी संपून जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे "पुस्तकं आली का?" आणि दुसरं, "सर, कॉम्प्युटर चालू होईना." त्यात नवल काही नाही. दीड महिना खोली बंद असते. माण-खटावकडे धूळ, महाबळेश्वर-जावळी-पाटणकडे पावसाळी ओल आणि एप्रिल-मे महिन्यात सगळीकडेच वळवाचा पाऊस, विजांचा कडकडाट आणि लाईटचं येणं-जाणं. त्यात उंदीर, मुंग्या, पाली. कॉम्प्युटर तरी काय करणार!

यानंतर साधारण दोनपैकी एक गोष्ट घडते. पहिली म्हणजे त्यावर कव्हर घातलं जातं आणि तो निर्लेखनाच्या यादीची वाट बघत कोपऱ्यात बसतो. दुसरी म्हणजे दुरुस्तीवाल्याला फोन जातो, तो म्हणतो, "सर, विंडोज मारावी लागंल," आणि आपण म्हणतो, "मारा." पहिल्यात मुलांचं नुकसान होतं, कारण अनेक मुलांना माऊस हातात धरायला मिळतो तो फक्त शाळेतच. दुसऱ्यात डेटा जातो. पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, स्नेहसंमेलनाचे फोटो, स्कॉलरशिपचे सराव संच, सगळं एका दुपारीत.

आजच्या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. सुरू न होणारा कॉम्प्युटर कुठल्यातरी एका पायरीवर अडलेला असतो. ती पायरी ओळखली की अर्धी दुरुस्ती झाली. ती ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही. सातवी-आठवीतलं मूलही ती ओळखू शकतं.

१) शाळा भरते तसाच कॉम्प्युटर भरतो

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतच्या क्रियेला 'बूट होणं' म्हणतात. बुटाच्या मागे तो ओढून चढवण्यासाठी एक पट्टी असते, तिला बूटस्ट्रॅप म्हणतात. स्वतःच्या बुटाची पट्टी ओढून स्वतःलाच वर उचलायचं, अशी ती कल्पना. कॉम्प्युटर बाहेरून कुणी न शिकवता स्वतःला जागं करतो, म्हणून हा शब्द आला. मुलांना ही गोष्ट फार आवडते, जरूर सांगा.

आता आपल्या शाळेची सकाळ डोळ्यासमोर आणा.

* पायरी १ – गेट उघडणं (वीज): कॅबिनेटच्या मागे जिथे पॉवर केबल लागते तो डबा म्हणजे एसएमपीएस. तो भिंतीतली २३० व्होल्टची एसी वीज घेऊन तिचं १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसीमध्ये रूपांतर करतो. वीज व्यवस्थित आहे असा इशारा त्याने दिल्याशिवाय मदरबोर्ड काम सुरू करत नाही.
* पायरी २ – हजेरी: मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या मशिनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्यांमध्ये यूईएफआय. तो प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले, कीबोर्ड अशी सगळ्यांची हजेरी घेतो. या तपासणीचं नाव पोस्ट. कुणी महत्त्वाचा गैरहजर असेल तर कॉम्प्युटर तिथेच थांबतो आणि बऱ्याचदा बीप वाजवून सांगतो.
* पायरी ३ – वर्गाची किल्ली शोधणं: हजेरी झाली की विंडोज कुठे ठेवली आहे याचा शोध सुरू होतो. हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, डीव्हीडी यांपैकी आधी कुठे बघायचं याचा क्रम ठरलेला असतो, त्याला बूट ऑर्डर म्हणतात.
* पायरी ४ – तास सुरू होणं: हार्ड डिस्कवरून विंडोज हळूहळू रॅममध्ये येते, लॉगिन दिसतं आणि कामाला सुरुवात होते.

गेटच उघडलं नसेल तर वर्गाच्या किल्लीवरून भांडण्यात अर्थ नाही, बरोबर ना? इथेही तसंच आहे. पंखाच फिरत नसेल तर विंडोज मारून काहीही होणार नाही.

२) हात लावण्याआधीचे नियम

* मुख्य स्विच बंद करून केबल भिंतीतून काढल्याशिवाय कॅबिनेट उघडायचं नाही. हे काम मोठ्यांनीच करायचं, मुलांनी बघायचं आणि नोंद घ्यायची.
* एसएमपीएसचा डबा आणि जुना डब्यासारखा मॉनिटर कधीही उघडायचा नाही. केबल काढल्यावरही आत वीज साठून राहिलेली असते.
* आतल्या भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा. अंगावरची स्थिर वीज निघून जाते.
* एका वेळी एकच बदल करा. केबल बदलली, रॅम काढली आणि सेटिंगही फिरवलं, मग कॉम्प्युटर सुरू झाला, तर नक्की कशामुळे झाला हे कधीच कळत नाही. विज्ञानाच्या प्रयोगात आपण हेच शिकवतो.

३) लक्षणावरून पायरी ओळखा

लक्षण अ : काहीच होत नाही. दिवा नाही, पंखा नाही.

अडला आहे तो पायरी १ वर. आधी त्याच बोर्डवर मोबाइलचा चार्जर लावून बघा. बोर्डमध्येच लाईट नसेल तर कॉम्प्युटर बिचारा निर्दोष आहे. मग क्रमाने बघा: एक्स्टेंशन बोर्ड, यूपीएस, पॉवर केबल, एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच. सुट्टीत यूपीएसची बॅटरी पूर्ण उतरते आणि ती खराब असेल तर काही यूपीएस पुढे वीजच देत नाहीत. म्हणून यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीत लावून बघा. केबल उंदराने कुरतडली असेल तर चिकटपट्टी लावू नका, नवीनच घ्या.

एवढं करूनही काही नाही झालं, तर भिंतीतली केबल काढून पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि पुन्हा लावा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बटण तीसेक सेकंद दाबा. लॅपटॉपचा तळ किंवा कीबोर्ड फुगल्यासारखा वाटला तर मात्र तिथेच थांबा. बॅटरी फुगली आहे, ती पेट घेऊ शकते. यानंतरही शांतता असेल तर बहुधा एसएमपीएस गेला आहे. तो बदलता येतो, पूर्ण कॉम्प्युटर टाकायची गरज नसते.

लक्षण आ : पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळी.

इथे पायरी १ झाली, पायरी २ वर अडलंय. आधी मॉनिटरवर संशय घ्या. त्यावर 'नो सिग्नल' असं दिसत असेल तर मॉनिटर चांगला आहे, त्याच्याकडे चित्र पोचत नाही. केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा. कॅबिनेटला डिस्प्लेच्या दोन जागा असतील, तर वेगळं ग्राफिक्स कार्ड ज्या जागेवर आहे तिथे केबल हवी. झाडलोट करताना ती चुकून दुसरीकडे लागते.

मग कान द्या. बीप वाजतात का, लांब की आखूड, किती वेळा? बीपचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून तो मदरबोर्डच्या पुस्तिकेतूनच बघावा. साधारण पुन्हापुन्हा वाजणारे लांब बीप रॅमकडे बोट दाखवतात. मुलांना बीप मोजून वहीत लिहायला सांगा, कान त्यांचे आपल्यापेक्षा तिखट असतात.

रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर धूळ आणि ओलीमुळे थर बसतो. दमट भागात हे फार होतं. वीज काढून रॅमच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडा, पट्टी सरळ वर काढा, सोनेरी कडेवर स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, खोडरबराचे कण झटका आणि खिट्टी 'टक' वाजेपर्यंत पुन्हा बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. हा पाच रुपयांच्या खोडरबरचा इलाज अनेकदा लागू पडतो.

लक्षण इ : कंपनीचं चिन्ह दिसतं, मग काळ्या पडद्यावर संदेश येतो.

'नो बूटेबल डिव्हाइस', 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड', 'बूटएमजीआर इज मिसिंग' असे ते संदेश. हजेरी झाली, पण पायरी ३ वर किल्ली सापडत नाही. सगळ्यात आधी लावलेला पेन ड्राइव्ह, डीव्हीडी किंवा मेमरी कार्ड काढा. कॉम्प्युटर त्यातच विंडोज शोधत बसलेला असतो.

त्यानंतर बघायचा तो मदरबोर्डवरचा गोल सेल. घड्याळात असतो तसा, ३ व्होल्टचा, त्यावर सीआर २०३२ असं छापलेलं असतं. कॉम्प्युटर बंद असताना तारीख-वेळ चालू ठेवणं हे त्याचं काम. अनेक मशिनवर बायोसमधली सेटिंगही त्याच्याच जोरावर टिकून राहते.

एक उदाहरण घेऊ. समजा, सहा-सात वर्षं जुना कॉम्प्युटर दीड महिन्याच्या सुट्टीनंतर लावला. पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर' आलं आणि मग 'नो बूटेबल डिव्हाइस'. ऐकणारा म्हणेल, हार्ड डिस्क उडाली. पण बायोसमध्ये जाऊन बघितलं (सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून) तर तारीख कित्येक वर्षं मागची दिसते. म्हणजे सेल संपला, सेटिंग मूळ पदावर गेलं, बूट ऑर्डर आणि डिस्क वाचण्याची पद्धत बदलली. डिस्क आणि तिच्यातली विंडोज दोन्ही ठणठणीत आहेत. शंभर रुपयांच्या आतला सेल, योग्य तारीख आणि पूर्वीचं सेटिंग, एवढंच हवं होतं. इथे कुणी 'विंडोज मारा' म्हटलं असतं तर चांगला डेटा विनाकारण गेला असता! म्हणून चालू असलेल्या कॉम्प्युटरच्या बायोस सेटिंगचे मोबाइलवर फोटो आजच काढून ठेवा.

सेल ठीक असेल आणि बायोसमध्ये हार्ड डिस्कचं नावच दिसत नसेल, तर वीज काढून डिस्कच्या दोन्ही केबल पुन्हा बसवा. डिस्कमधून 'टक-टक' असा आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा. पुन्हापुन्हा चालू करून बघितलं तर उरलासुरला डेटाही जातो.

लक्षण ई : विंडोज सुरू होते, पण मध्येच अडकते, निळी स्क्रीन येते किंवा पुन्हापुन्हा रीस्टार्ट होतो.

पायरी ४. इथे विंडोजमध्ये बिघाड असू शकतो, पण रॅम आणि हार्ड डिस्कही कारण असू शकतात. सलग दोन-तीनदा सुरू होण्यात अडथळा आला की विंडोज १० आणि ११ स्वतःच दुरुस्तीचा पडदा आणतात. त्यात 'स्टार्टअप रिपेअर' करून बघा. मग 'सेफ मोड'. विंडोज ७ असेल तर सुरू होताना एफ-८ दाबा. सेफ मोडमध्ये कॉम्प्युटर चालला तर नुकतंच टाकलेलं सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर काढून टाका. आणि तिथे असतानाच महत्त्वाच्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्या. ही संधी पुन्हा मिळेलच असं नाही.

नव्या लॅपटॉपवर कधीकधी ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागितली जाते. ती बिटलॉकरची असते आणि बऱ्याचदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात साठवलेली असते. पालकांनी आपल्या खात्याचा ई-मेल आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवावा तो यासाठीच.

४) 'मारण्याआधी' हे विचारा

कधीकधी विंडोज नव्याने टाकावीच लागते, त्यात गैर काही नाही. प्रश्न असतो तो आधी काय वाचवलं याचा.

दुरुस्तीवाला म्हणतो, "सी ड्राइव्हच फॉरमॅट करतो सर, डीला हात लावत नाही." तो खरंच बोलत असतो. पण डेस्कटॉपवर, डॉक्युमेंट्समध्ये आणि डाउनलोड्समध्ये ठेवलेल्या फाइली साधारणपणे सी ड्राइव्हमध्येच असतात. आणि आपण बहुतेक जण सगळं डेस्कटॉपवरच ठेवतो! सरल आणि यू-डायस प्लसवर भरलेली माहिती ऑनलाइन सुरक्षित राहते, पण तिच्यासाठी आपण केलेल्या एक्सेल शीट मात्र याच डेस्कटॉपवर असतात.

मराठी शिक्षकांसाठी आणखी एक धोका. श्रीलिपी, किरण किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या प्रश्नपत्रिका फॉरमॅटनंतर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाइल वाचलेली असते, पण फॉन्ट गेलेला असतो. म्हणून फाइलींबरोबर फॉन्टही कॉपी करून ठेवा आणि नवं काम युनिकोडमध्येच करा.

विंडोज अजिबातच सुरू होत नसेल तरी डेटा काढता येतो. उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून कॉम्प्युटर सुरू केला की हार्ड डिस्कवरच्या फाइली दिसतात आणि कॉपी होतात (बिटलॉकर असेल तर किल्ली लागते). नाहीतर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. दुरुस्तीवाल्याला एवढंच म्हणा, "दादा, आधी डेटा काढून दाखवा, मग फॉरमॅट करा." चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.

५) पुरात भिजलेला कॉम्प्युटर

हा भाग आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी वेगळा लिहिला पाहिजे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, कराडला कोयना तिला मिळते आणि ते सगळं पाणी पुढे सांगलीला जातं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ चा पूर आठवणीत होता, २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांतल्या नदीकाठच्या शाळांनी आणि घरांनी हे भोगलं आहे. २०१९ मध्ये सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकंही भिजली.

पाणी ओसरलं की सगळ्यांचा हात आधी बटणाकडे जातो, "बघू तरी, चालतोय का!" हेच करायचं नाही. वरून कोरडा दिसला तरी आत गाळ असतो, गाळात ओल आणि क्षार असतात. वीज सोडली की तिथे शॉर्टसर्किट होतं आणि वाचू शकणारा बोर्डही जळतो. माणसाला शॉक बसण्याचा धोका वेगळाच.

क्रम असा ठेवा:

1. खोलीचं वायरिंग वायरमनने तपासून दिल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका.
2. हलवण्याआधी पंचनाम्यासाठी फोटो काढा, डेडस्टॉक रजिस्टरमधला नंबर दिसेल असे.
3. कॉम्प्युटर प्लगला न लावता हार्ड डिस्क काढून घ्या. कॉम्प्युटर नवा मिळेल, डेटा मिळणार नाही.
4. डिस्क पाण्यात बुडाली असेल तर ती उघडू नका, उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, तांदळात ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे लवकर पोचवा.
5. मॉनिटर, एसएमपीएस, यूपीएस भिजले असतील तर घरगुती प्रयोग नकोत.

आणि पूर येण्याआधीचं काम? नदीकाठच्या शाळेत पावसाळ्याआधी कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर न्या. ते जमत नसेल तर निदान डेटाची एक प्रत गावाबाहेर असू द्या. गुगल खात्यासोबत मिळणारी १५ जीबी जागा शाळेच्या कागदपत्रांना सहसा पुरते.

६) वर्गातील उपक्रम : 'कॉम्प्युटरची केसपेपर वही'

दवाखान्यात केसपेपर असतो तसा प्रत्येक कॉम्प्युटरचा ठेवा. इयत्ता सहावी ते आठवीच्या मुलांना चारच्या गटात ही जबाबदारी द्या. वहीत पाच रकाने:

* तारीख
* काय दिसलं, काय ऐकू आलं (संदेश जसाच्या तसा, बीप मोजून)
* कुठल्या पायरीवर अडला
* कोणता एक बदल केला
* पुढे काय झालं

'कॉम्प्युटर बिघडला' हे वाक्य या वहीत चालणार नाही, असा नियमच करा. 'पंखा फिरतो, स्क्रीनवर नो सिग्नल, बीप नाही' असं लिहायचं. दोन-तीन नोंदींनंतर मुलांची भाषा बदललेली दिसते. आधी बघायचं, मग अंदाज करायचा, मग एकच बदल करून तपासायचं, ही सवय सायकल पंक्चर झाली किंवा गणिताचं उत्तर चुकलं तरी उपयोगी पडते. दुरुस्तीवाला आला की ही वही त्याच्या हातात द्या. त्याचा वेळ वाचेल, आणि शाळेचे पैसेही.

स्वाध्याय (मुलांसाठी)

1. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी आहे. कोणती पायरी झाली आणि कोणती अडली?
2. कॉम्प्युटरची तारीख रोज मागे जाते. संशय कुणावर?
3. डेस्कटॉपवरची फाइल बहुधा कोणत्या ड्राइव्हमध्ये असते? ती सुरक्षित ठेवायला काय कराल?
4. एका वेळी एकच बदल का करायचा? स्वतःच्या शब्दांत लिहा.

शेवटी

सगळेच कॉम्प्युटर खोडरबर आणि सेलने सुरू होणार नाहीत. मदरबोर्ड जळला असेल तर जळला. तेव्हा जाणकाराकडे जाण्यात कमीपणा नाही. तसंच विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून जुनं मशीन लगेच भंगारही होत नाही. त्यावर लिनक्स टाकून टायपिंग, चित्रकला आणि स्क्रॅच शिकवता येतं.

तेव्हा या आठवड्यात एक करा. कोपऱ्यातला तो कव्हर घातलेला कॉम्प्युटर बाहेर काढा, धूळ झटका, मुलांना भोवती बसवा आणि विचारा, "सांगा बघू, हा कुठल्या पायरीवर अडलाय?" आणि जो कॉम्प्युटर आज नीट चालतोय, त्याचा डेटा आजच दुसरीकडे कॉपी करा. उद्या तो सुरू होईलच, याची खात्री कुणी देत नाही.